कायदेशीर तितर

शिस्तीवाचून शिकार नाही आणि परवान्यावाचून शिस्त नाही, हे सत्य मनुष्यजातीला फार उशिरा उमगले. कुत्र्यांच्या जातीला तर ते अजूनही नीटसे उमगलेले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९५८ सालच्या पावसाळ्यानंतर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना मिळून एक नियमावली लागू झाली. तिचे नाव 'शिकारी श्वानांस मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांच्या साहाय्याने प्रशिक्षण देण्याबाबतचे नियम' असे होते. नियम एकंदर त्रेचाळीस. त्यांपैकी एकोणतीस कुत्र्यासाठी, अकरा पक्ष्यासाठी आणि तीन शिकाऱ्यासाठी (त्यांतला एक पुढे रद्द झाला). ही नियमावली कोणी केली हे तीत लिहिलेले नव्हते. परंतु ज्याने केली त्याने कुत्रा, तितर आणि माळ या तिन्ही गोष्टी एकत्र कधी पाहिलेल्या नव्हत्या, हे तिच्यातल्या निःपक्षपातीपणावरून सहज ध्यानात येई.

त्यापूर्वी या भागात कुत्र्यांच्या शिक्षणाची अवस्था शोचनीय होती. पिल्ले चार महिन्यांची झाली की आईच्या मागे माळावर जात. आई तितराचा वास घेई, पिल्ले आईकडे बघत, आणि शिकार झाली की माणसांच्या आधी कुत्र्याचा वाटा बाजूला निघे. एवढ्यावर सगळे भागत असे. या पद्धतीत कुत्री शिकत, ही गोष्ट खरी. पण ती शिकल्याची कोठेही नोंद होत नसे, म्हणजे शासनाच्या दृष्टीने ती अडाणीच राहत.

नव्या पद्धतीत असे काही होण्याची भीती नव्हती. एक माणसाळलेला तितर घ्यायचा. त्याच्या पायात पितळी कडे घालायचे. तो माळावर सोडायचा. कुत्र्याने वासावरून त्याला शोधायचे, दहा पावलांवर थांबायचे, पुढचा एक पाय वर उचलायचा (उजवा की डावा, हे मालकाच्या मर्जीवर सोडले होते), आणि घड्याळी पाच मिनिटे तसेच उभे राहायचे. मग शिकार निरीक्षकांनी शिट्टी वाजवायची. कुत्र्याने परत यायचे आणि तितराने पिंजऱ्यात जायचे. शिकारीच्या शिक्षणात चुकूनही शिकार होऊ नये, याची काळजी प्रत्येक कलमात घेतलेली होती. कडे नसलेला, म्हणजे रानचा तितर वाटेत आढळल्यास कुत्र्याने त्याच्याकडे लक्ष देऊ नये, असे नियम बाविसावा सांगत होता. तो पक्षी बेकायदा होता.

या शिक्षणाची परीक्षा द्यायला प्रत्येक शिकारी कुत्र्याला तीन संधी होत्या, आणि मार्चअखेर ज्याच्याकडे उत्तीर्ण झाल्याचा दाखला नसेल तो मोकाट समजण्यात येणार होता. मोकाट कुत्र्यांची व्यवस्था त्या भागात पूर्वीपासूनच चांगली होती. दर मंगळवारी एक माणूस सायकलवरून येई आणि त्यांना भाकरीच्या तुकड्यातून गोळी देई.

या सर्व कारभाराला एक पंच लागत असे. पंच लिहिता-वाचता असावा, त्याच्या घरी कुत्रा, पक्षी अथवा बंदूक नसावी, आणि त्याला या विषयात स्वतःचे मत असण्याचा संभव कमी असावा, अशा तीन अटी होत्या. परीक्षा ज्या गावाजवळ व्हायच्या त्या यवतेत फार शोध करावा लागला नाही. नथानिएल साळवे मास्तर शिरूरच्या मिशन शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते आणि पत्नी मार्थाबाई यवतेच्या दवाखान्यात नर्स होत्या म्हणून तेथे राहायला आले होते. मास्तरांनी पृथ्वीवरचे सगळे वारे पाठ केले होते. पण वर्गात गलबला झाला तर फळ्याकडे तोंड करून तो थांबेपर्यंत नकाशा काढत बसण्याची त्यांची रीत होती. त्यामुळे एकतीस वर्षांत त्यांचे नकाशे फार सुबक झाले होते. कुत्र्याला ते भीत. बाकी प्राण्यांना भिण्याचा प्रसंग आला नव्हता.

"देवळात आमेन म्हणायचं तरी तुम्ही चार माणसांचं ऐकून मग म्हणता," पंचाची नेमणूक आली तेव्हा मार्थाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही पंच."

"पंचाने बोलायचं नसतं," मास्तर म्हणाले. "फक्त पाहायचं असतं. तसं लिहिलंय."

"मग शोभेल," मार्थाबाई म्हणाल्या आणि दवाखान्यात गेल्या.

परीक्षेची जागा कासुर्डीचा माळ ही होती, आणि परीक्षेला पहिली उभी राहिली ती कासुर्डीच्याच हरिबाची तांबडी. ही हडकुळी, लांब तोंडाची कुत्री होती. तिने आजवर किती तितर उठवले याचा हिशेब कासुर्डीत कोणाजवळ नव्हता, तितरांजवळ असावा. हरिबाकडे पिकाच्या राखणीसाठी म्हणून एक ठासणीची बंदूक होती आणि तिच्यापेक्षा तांबडीवर त्याची भिस्त जास्त होती. खरे तर 'ही आपली दारातली कुत्री, शिकारीचं तिला काय ठावं' असे सांगून हरिबाला सुटता आले असते. त्याने तसे सांगितलेही. श्वानगणनेचा कारकून ते लिहून घेत असतानाच तांबडी हुलग्याच्या रानातून आली आणि तोंडातला ससा तिने कारकुनाच्या वहाणांजवळ आणून ठेवला. आरोपीनेच कबुली दिल्यावर कारकुनाचा निरुपाय झाला. (ससा पुरावा म्हणून त्याने नेला.)

आता फक्त तितर हवा होता. कडे घातलेला, नोंदलेला तितर दोन्ही तालुके धुंडाळूनही एकच निघाला. केंदूरच्या सोजराबाईंचा. सोजराबाई एकट्या बाई. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या ओट्यावर एक तितराचे पिल्लू आपण होऊन आले, म्हणून त्यांनी त्याचे नाव पाव्हणा ठेवले, आणि तो गेलाच नाही. तो त्यांच्या मागे शेतात चालत जाई, बांधावर चरे आणि बोटे वाजवली की धावत येऊन पदरात बसे. रानचा पक्षी घरी बाळगणे आता गुन्हा होता; पण परीक्षेच्या कामी असलेला पक्षी घरी बाळगणे हे कर्तव्य होते. म्हणून पाव्हण्याच्या पायात कडे आले, आणि सोजराबाई त्याचा पिंजरा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात झाकून मांडीवर घेऊन एसटीने यवतेला येऊ लागल्या.

पहिली परीक्षा जानेवारीत झाली. पाव्हण्याला सोडले. तो चार पावले चालला, वळला आणि सोजराबाईंच्या मागे येऊन उभा राहिला. निरीक्षकांनी नियम काढून पाहिला. पक्षी 'मोकळा' तेव्हाच समजायचा, जेव्हा तो पालकापासून किमान पन्नास पावलांवर असेल. सोजराबाई पन्नास पावले गेल्या. पाव्हणाही गेला. हे असे तीन वेळा झाले. शेवटी सोजराबाईंनी बोरीच्या झुडपाआड घोंगडी पांघरून बसावे असे ठरले, आणि 'पालक दिसत नाही म्हणजे पालक नाही' असा अर्थ लावून काम पुढे सुरू झाले.

पालक दिसेना तेव्हा पाव्हण्याने हाक घातली. ती ऐकून माळावरचे रानचे तितर जागे झाले, कारण परका नर आपल्या हद्दीत ओरडलेला त्यांना खपत नाही. दोन उजवीकडून आले, पाच ओढ्याकडून आले. तांबडी वाऱ्यावर नाक धरून निघाली, पाव्हण्याच्या अंगावरून मांजर ओलांडावे तशी गेली आणि ओढ्याकडच्या पाचांपुढे पाय उचलून अशी उभी राहिली की, मास्तरांना कुत्र्याची भीती वाटायची ती पाच मिनिटे राहून गेली. इतके सुबक उभे राहणे त्यांनी फक्त नकाशातल्या द्वीपकल्पांचे पाहिले होते.

निकाल नापास असा लागला. निरीक्षकांनी कारण लिहिले: 'बेकायदा पक्ष्यांकडे लक्ष. कायदेशीर पक्ष्याकडे पूर्ण दुर्लक्ष.'

परतताना हरिबा मास्तरांच्या बरोबरीने चालत होता.

"मास्तर, एक इचारू का? तिनं पायातलं कडं बघून मंग वास घ्यायचा, आसं हाय का?"

"तसाच अर्थ होतो."

"आन् कडं दिसाय तितर फुड्यात याया पायजे. तवर तिनं नाक कुठं ठिवायचं?"

मास्तरांनी नियमावली चाळली. "नाकाबद्दल काही लिहिलेलं नाही."

"त्या पाव्हण्याला तितराचा वासच न्हाई, मास्तर. त्येला चुलीचा वास हाय. लसणाचा हाय. आमच्या तांबडीच्या लेखी ती कोंबडी हाय. कोंबडीवर जाऊ नगंस म्हून म्या तिला लहानपनी हानलीया."

हरिबाचे म्हणणे मास्तरांना पटले होते, पण ते आपल्याला पटले आहे की केवळ हरिबा मोठ्याने बोलला म्हणून तसे वाटते आहे, याचा त्यांना निर्णय करता येईना. ते म्हणाले, "अजून दोन संधी आहेत."

हरिबाने जे केले ते कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाला भूषणावह होते. त्याने तांबडीला घेतले, भीमा नावेतून ओलांडली आणि तो दोन दिवस चालत केंदूरला जाऊन सोजराबाईंच्या दारात उभा राहिला.

"आक्का, हिला तुमच्या तितराची वळख करून द्याची हाय."

"वळख करून मंग खाती का काय?"

"खाल्लं तर मी बी तुमच्या दारात गोळी खातो."

"तू खा न्हाईतर नगं खाऊ. माजं पाखरू कुनी भरून द्याचं?" सोजराबाई म्हणाल्या, पण त्यांनी तांबडीपुढे भाकरी टाकली.

तांबडी हरिबासह तेथे तीन आठवडे राहिली. पहिला आठवडा ती पाव्हण्याकडे बघत नव्हती, दुसऱ्यात पाव्हणा तिच्या पाठीवर बसून गोचिडी टिपू लागला, आणि तिसऱ्यात ती दोघे एकाच पोत्यावर झोपू लागली. इतक्या अवधीत रानच्या तितराचा वास आला की हरिबा तिला मारी आणि पाव्हण्याचा आला की गूळ देई. मारताना तो दुसरीकडे बघे. प्रगती अशी झाली की, महिनाअखेर बांधाखालून सात तितर भर्रकन उठले तरी तांबडी मान वळवून गुळाची वाट पाहू लागली.

दुसऱ्या परीक्षेत तिने रानच्या एकाही पक्ष्याला भीक घातली नाही. ती सरळ पाव्हण्याकडे गेली आणि त्याला खेटून बसली. पाव्हणा तिच्या पोटाशी सरकला. निरीक्षकांनी अंतर मोजले. दहा पावले असायला हवे होते तेथे ते शून्य भरले. नापास, कारण, 'पक्ष्याशी अनावश्यक सलगी.'

आता एकच संधी उरली. हरिबा पुन्हा भीमा ओलांडून गेला. या खेपेस त्याने पाव्हण्याच्या पोत्याभोवती दहा पावलांवर राखेची रेघ ओढली. रेघ ओलांडली की मार, रेघेवर पाय उचलून थांबले की गूळ. शिट्टी होईपर्यंत काहीही झाले तरी हलायचे नाही. त्याने तिच्यापुढे भाकरी टाकून पाहिली, मांजर सोडून पाहिले, एकदा तर पाव्हण्याला पिंजऱ्याखाली दाबून ओरडायला लावले. त्या वेळी तांबडी रेघ ओलांडून धावली. तिला इतका मार बसला की, सोजराबाई घरातून बाहेर आल्या.

"मारून टाकतुस का तिला?"

"मी न्हाई मारलं तर मंगळवारी त्यो सायकलवाला मारतोय, आक्का," हरिबा म्हणाला. "माझ्या हातनं मेली तर निदान माझी तरी मरंल."

त्यानंतर तांबडी धावली नाही.

नियमावलीच्या पहिल्या सहा महिन्यांचा आढावा याच सुमारास प्रसिद्ध झाला. नोंदलेले कुत्रे सतरा. नोंदलेला पक्षी एक. उत्तीर्ण कुत्रे शून्य. मंगळवारच्या व्यवस्थेचा लाभ अगोदरच सात कुत्र्यांनी घेतला होता, कारण त्यांच्या मालकांनी परीक्षेआधीच हात टेकले होते. शिकारीतल्या अपघातांत मात्र शंभर टक्के घट झाली होती, आणि ही घट शिकारीत झालेल्या घटीशी तंतोतंत जुळत होती. आकडे इतके जुळलेले सहसा आढळत नाहीत.

तिसरी परीक्षा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी नऊ वाजता झाली. दोन परीक्षांच्या अनुभवाने निरीक्षक अधिक काटेकोर झाले होते आणि प्रत्येकाची जागा नियमाप्रमाणे ठरवून दिलेली होती. सोजराबाई बोरीआड घोंगडीखाली. हरिबाने कुत्रीकडे पाठ करून उभे राहायचे, कारण मालकाच्या डोळ्यांतून कुत्र्याला उत्तर मिळते (नियम एकतीस). निरीक्षकांनी पाच मिनिटे घड्याळावरून नजर हलवायची नाही (नियम बत्तीस). पंचाने डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवायचे. परीक्षा चालू असता कोणी आवाज केल्यास ती रद्द होईल, आणि रद्द म्हणजे नापास (नियम तेहतीस). असे ते चौघे चार दिशांना तोंडे करून उभे राहिले. म्हणजे सोजराबाई बसल्या.

पाव्हण्याला सोडले. तो थोडा चालला, एका दगडावर चढला आणि मान वर करून हाक घालू लागला. तांबडी निघाली. रानचे दोन तितर तिच्या नाकासमोरून उडाले. तिने पापणीही हलवली नाही. पाव्हण्यापासून बरोबर दहा पावलांवर ती थांबली, डावा पाय उचलला आणि दगडासारखी झाली. मास्तरांनी मनात पावले मोजली. दहाच होती. त्यांना इतका आनंद झाला की, कोणाला तरी सांगावेसे वाटले.

"एक मिनिट," निरीक्षक घड्याळाकडे बघत पुटपुटले. (निरीक्षकांचे पुटपुटणे नियमात आवाज धरलेले नव्हते.)

ऊन चढत होते. माळावरून एक सावली सरकली आणि गेली. थोड्या वेळाने ती परत आली, या खेपेस लहान होऊन. मास्तरांनी वर पाहिले. वर एक पक्षी होता.

ती घार असावी, असे त्यांना वाटले. मग घारीची शेपटी दुभागलेली असते हे त्यांना आठवले. याची नव्हती. मग ससाणा असेल. पण आपण ससाणा प्रत्यक्षात कधी पाहिला आहे काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर नाही असे होते, आणि जे आपण कधी पाहिलेले नाही ते आज दिसते आहे असे ओरडून सांगणे हे त्यांना धाडसाचे वाटले.

"दोन मिनिटं."

पाव्हण्याने हाक थांबवली. तो दगडावरून उतरला आणि अंग चोरून बसला. माळावर आडोसा नव्हता. आडोशाला तांबडी होती. तो मान लांब करून तिच्याकडे बघू लागला. तांबडीचा उचललेला पाय थरथरला. तिने मान वळवून हरिबाकडे पाहिले. हरिबाची पाठ होती. तिने निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षक घड्याळाकडे बघत होते. मग तिने मास्तरांकडे पाहिले.

मास्तरांनी तोंड उघडले. ते काही वेळ उघडे राहिले.

"तीन," निरीक्षक म्हणाले.

दगड पडावा तसा आवाज झाला, पण फारसा मोठा नाही. थोडी पिसे उडाली. ससाण्याला पक्षी घेऊन उठायला जरा कष्ट पडले. पितळी कडे उन्हात दोन-तीनदा चमकले आणि ओढ्यापलीकडे दिसेनासे झाले. तांबडी पाय उचलून दहा पावलांवर उभी होती. चौथे मिनिट झाले. पाचवे झाले. निरीक्षकांनी शिट्टी वाजवली आणि मान वर केली.

"वा," ते म्हणाले. "केसभरही हलली नाही."

पक्षी कोठे आहे, हा मुद्दा नंतर निघाला. निरीक्षकांनी नियम पाहिले. कुत्र्याने काय करावे हे एकोणतीस नियमांत सांगितलेले होते आणि ते सर्व तांबडीने पाळले होते. पक्ष्याने काय करावे हे अकरांत होते, आणि शिट्टीपूर्वी जागा सोडून पाव्हण्याने त्यांतला चौथा मोडला होता. तसे त्यांनी लिहिले: 'श्वान उत्तीर्ण, प्रथम श्रेणी. पक्षी आदेशाविना क्षेत्राबाहेर गेला.' खाली पंचाने 'प्रत्यक्ष पाहिले' असे लिहून सही करायची होती. मास्तरांनी सही केली. त्यांचे अक्षर चांगले होते.

सोजराबाई घोंगडी झाडत बाहेर आल्या. त्यांच्या हातात वाळवीचे ढेकूळ होते. काम झाले की पाव्हण्याला ते मिळत असे. त्यांनी बोटे वाजवली. "ये रं पाव्हण्या." पुन्हा वाजवली. मग त्यांना दगडाजवळची पिसे दिसली.

"मास्तर, काय झालं?"

मास्तरांनी वर बोट केले. आभाळ मोठे होते आणि त्यात काही नव्हते.

"तुमी बघितलं?"

"हो."

"आन् वरडला न्हाईत?"

"ओरडलो असतो तर तांबडी नापास झाली असती, सोजराबाई," मास्तर हळू म्हणाले. "तिला गोळी दिली असती."

सोजराबाईंनी तांबडीकडे पाहिले. शिट्टी होऊन गेली तरी तिने पाय खाली ठेवलेला नव्हता. हरिबा तिच्याजवळ बसून तो हाताने खाली करू बघत होता.

"ती मुकं जनावर हाय, मास्तर," सोजराबाई म्हणाल्या. ढेकूळ त्यांनी दगडावर ठेवले आणि रिकामा पिंजरा लुगड्याच्या तुकड्यात नीट झाकून घेऊन त्या एसटीकडे गेल्या.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. आपण तांबडीसाठी गप्प बसलो, हे सोजराबाईंना दिलेले उत्तर त्यांनी उलटसुलट करून पाहिले. उत्तर बरोबर होते. फक्त ते त्यांना ससाणा ओढ्यापलीकडे गेल्यानंतर सुचले होते. त्याआधी तोंड उघडे होते तेव्हा आत काहीच नव्हते.

तांबडी अजून जिवंत आहे. मंगळवारी तो सायकलवाला तिच्या गळ्यातला दाखल्याचा बिल्ला पाहतो आणि पुढे जातो. हुलग्यात ससे शिरतात, तेव्हा ती त्यांच्यापासून दहा पावलांवर जाऊन पाय उचलते आणि ते पोटभर खाऊन जाईपर्यंत उभी राहते. हरिबा शिट्टी वाजवत नाही. दोन्ही तालुक्यांत नियमाप्रमाणे शिकवलेली ती एकमेव शिकारी कुत्री आहे, आणि इतर जिल्ह्यांतून अधिकारी तिला पाहायला येतात.

वाचकांविषयीही एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. माळावरून सावली पहिल्यांदा सरकली तेव्हाच ती कशाची, हे त्यांनी ओळखले होते. मास्तरांना शंका होती, त्यांना नव्हती. तरीही त्यांनी ओळीवरून नजर हलवली नाही आणि तोंडातून आवाज काढला नाही, शेवटपर्यंत. नियमाला आणखी काही लागत नाही. दाखला कोणत्या नावाने काढायचा, तेवढे कळवावे.